सूर टेपचा गेला की पियानोचा?

कपाटातून जुनी कॅसेट निघते, त्यावर मावशीनं नाहीतर मिशनच्या शाळेतल्या मॅडमनं घरी वाजवलेला पियानो असतो, घरातला पोरगा ती लॅपटॉपवर घेतो, फोनमधलं सूर मोजणारं ट्यूनर अ‍ॅप लावतो, काटा मध्ये थांबत नाही, अन् लगेच निकाल: पियानो बेसूर होता. मग सॉफ्टवेअरमधलं पिच बदलायचं बटण दाबून पूर्ण रेकॉर्डिंग वरखाली ओढून राहिले. उलटंही पाहतो मी, पियानोच उतरलेला असतो आणि हे टेपला दोष देऊन स्पीड वाढवून राहिले. आणि एवढं करून ती फाइल घरातल्या सगळ्यांना पाठवून मोकळे, मूळ फाइल डिलीट. अरे बाप्पा, थांबा ना जरा.

टेपचं जास्त सांगत नाही. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर भजनाची कॅसेट रेंगाळताना आपल्याकडे कोणी ऐकली नाही? कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला पाहिजे, हळू सरकली तर सूर खाली अन् लय संथ, जोरात सरकली तर दोन्ही वर. फक्त एक गोष्ट लोक हमखास उलटी धरतात. सेल ऐकताना उतरलेले असतील तर आवाज खाली जातो हे बरोबर, पण सेल रेकॉर्डिंग करतानाच उतरलेले असतील, म्हणजे लाइन नव्हती म्हणून मशीन सेलवर लावली होती, तर तीच कॅसेट आज चांगल्या डेकवर वर चढलेली आणि घाईत वाजवल्यासारखी ऐकू येते. अर्ध्या तासाच्या एका बाजूत सेल हळूहळू उतरत गेले तर पहिला पीस ठीक अन् शेवटचा पीस चढलेला. पियानो अर्ध्या तासात असा आपोआप चढत नाही.

आता पियानो. आपल्याला पेटी माहीत असते, पेटीची स्वरपट्टी हवामानानं एवढी हलत नाही, म्हणून पियानोचंही तसंच असेल असं वाटते. पियानोत ८८ पट्ट्यांमागे सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, आणि त्या सगळ्या लाकडाच्या एका पातळ फळीवर दाब देऊन बसलेल्या असतात. ती फळी हवेतला ओलावा पिते. विदर्भात मे महिन्यात ४५ डिग्री आणि हवा कोरडीठाक, फळी आकसते, ताण कमी होतो, सूर उतरतो. जुलैत पाऊस लागला की फळी फुगते, सूर चढतो. त्यात त्याच खोलीत खिडकीला कूलर लावला असेल तर विचारूच नका. पण हे चढणं-उतरणं सगळ्या पट्ट्यांवर सारखं नसते. मधल्या सप्तकांत ते जास्त दिसते, खर्जातल्या जाड तारा त्या मानानं कमी हलतात. सगळी ओळख इथंच पटते.

टेपचा स्पीड चुकला की प्रत्येक सूर सारख्याच प्रमाणात सरकतो. पियानो उतरला की प्रत्येक पट्टी आपल्या मर्जीनं सरकते. म्हणून एक सूर मोजून निकाल देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये एकटे वाजलेले सूर शोधा, पीसची सुरुवात, शेवट, मधले विसावे, खर्जातला एक, मधले दोनतीन, थोडा वरचा एक. अ‍ॅप सेंटमध्ये दाखवते, १०० सेंट म्हणजे अर्धा सूर. समजा सगळीकडे ३५ च्या आसपास वर दाखवून राहिलं, तर ती टेप आहे, साधारण दोन टक्के जोरात. खर्जात ५ खाली, मध्ये २५ खाली, वर १५ खाली असं आलं, तर तो पियानो आहे आणि स्पीडला हात लावायचं काम नाही. अगदी टोकाच्या पट्ट्या मोजू नका, पियानो सुरात लावणारा चांगला ट्यूनरही खालच्या थोड्या खाली आणि वरच्या थोड्या वर ठेवतो, मुद्दाम.

दुसरं, सूर अर्ध्या सुरानं वर असेल तर मी सरळ टेपवर बोट ठेवतो. पावसाळ्यात पियानो चढला तरी तो काही सेंट चढतो, एवढा नाही, आणि तारा तुटायची भीती असते म्हणून कोणी ट्यूनर तो जाणूनबुजून तितका चढवत नाही. खाली असेल तर मात्र दोन्ही शक्य आहे, कारण जुन्या पियानोच्या तारा गंजलेल्या असल्या की ट्यूनर सगळाच पियानो अर्धा सूर खाली लावून देतो, आणि मग वरची सारख्या प्रमाणाची परीक्षा फसते.

तिथं कोणीतरी म्हणतेच, वाजवणाऱ्यानं पट्टी बदलून वाजवलं असेल. नाही हो. आपल्याकडे गाणारा काळी एक घेतो का पांढरी चार हे त्याच्या गळ्यावर असते, पण पाश्चात्त्य पियानोचा पीस ज्या पट्टीत लिहिला त्याच पट्टीत वाजवतात. बीथोव्हेनचं फ्यूर एलिझ घरोघरी वाजते, त्याची सुरुवात पांढरी तीन आणि काळी दोन आलटून-पालटून अशी आहे. ट्यूनर अ‍ॅपवर ती पांढरी चार आणि पांढरी तीन अशी आली, तर टेप अर्धा सूर पळून राहिली, बस.

आणि खाली असलेल्या, सगळीकडे सारख्या सरकलेल्या केसमध्ये काय करायचं? विजेची गुणगुण ऐका. मशीन लाइनवर लावून रेकॉर्ड केलं असेल तर ५० हर्ट्झची हम आणि तिच्या पटी, १०० अन् १५०, टेपवर बहुतेक सापडतात. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा सिलेक्ट करून प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढा, साइज सगळ्यात मोठी ठेवा. १५० च्या जागी १४४ दिसलं तर टेप चार टक्के हळू. बरोबर १५० दिसलं तर सावध, ती हम कदाचित आज डिजिटल करताना तुमच्याच वायरीतून आली असेल, टेप थांबवून तेवढंच रेकॉर्ड करून पाहा. आणि हे माप काही अगदी काटेकोर नाही, त्या काळी विजेच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी स्वतःच ५० वर स्थिर नसायची, एक हर्ट्झचा फरक म्हणजे ३४-३५ सेंट. सुरुवातीला कोणी बोललं असेल तर तेही ऐका. आत्याचा आवाज घरातले लोक ओळखतात, आत्या काकासारखी बोलून राहिली तर स्पीड हळू आहे.

सूर हलतो म्हणजे टेप, हेही सरसकट खरं नाही. पियानोच्या मधल्या अन् वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात, त्या एकमेकींपासून थोड्या सरकल्या की भजनी मंडळातले तिघं एकच ओळ किंचित वेगळ्या सुरात धरतात तसं वँव-वँव होते. पण ते त्याच पट्टीवर, ती वाजेल तेव्हा दरवेळी. टेपमुळे हलते तेव्हा सगळेच सूर एकदम वरखाली डुलतात, खर्जासकट. आणि वाजलेला सूर नंतर घसरत गेला तर विचारही करू नका, पियानोत मींड नाही, ते मशीनचंच काम.

दुरुस्तीत माझं मत पक्कं आहे. स्पीड चुकलाय तर स्पीडच बदला, ऑडॅसिटीत चेंज स्पीड, नव्या व्हर्जनमध्ये त्यालाच चेंज स्पीड अँड पिच म्हणतात. चेंज पिच नको. ते सूर खाली आणते पण लय तशीच पळती ठेवते, म्हणजे अर्धी चूक कायम, आणि वर हातोडीचा ठोका, जो पियानोचा जीव आहे, तो चेपून लिबलिबीत करून टाकते. आकडा टाकतानाही लक्ष ठेवा. अर्धा सूर वर म्हणजे सहा टक्के जोरात, पण परत आणायला उणे सहा टाकाल तर थोडं खाली जाल, उणे ५.६ टाकायचं, म्हणजे ०.९४४ पट. तीन मिनिटांचा पीस तीन मिनिटं अकरा सेकंदांचा होईल, होऊ द्या.

आणि पियानोच उतरलेला निघाला तर सोडून द्या. एकेक सूर वेगळा काढून सरळ करणारी सॉफ्टवेअर आहेत, मला ती घरच्या रेकॉर्डिंगवर आवडत नाहीत, मावशीच्या बोटांखाली तोच पियानो होता.

हिसचं, म्हणजे टेपच्या मागच्या सततच्या सूं आवाजाचं, एका ओळीत: थोडी ठेवा, पूर्ण काढायला गेलात तर सुरांच्या शेपट्या कापल्या जातात. हम काढायची तर स्पीड सुधारल्यावर काढा, नाहीतर ५० वर लावलेला फिल्टर ४८ वरच्या हमला लागतच नाही. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बनवून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. सोबत हात न लावलेली फाइलही द्या, आणि सुधारलेल्या फाइलच्या नावातच स्पीड किती बदलला ते लिहा, म्हणजे उद्या कोणाजवळ त्या पियानोचा खरा सूर निघाला तर त्याला परत सुरुवातीपासून मोजत बसावं लागणार नाही.