स्फोटानंतरचे पहिले दोन दिवस

‘अणुबॉम्ब पडल्यावर कसली तयारी? सगळेच जाणार!’ युद्धाची बातमी आली की हे वाक्य हमखास कानावर पडतं. स्फोटाच्या अगदी जवळ असणाऱ्यांपुरतं ते खरं आहे. पण काही किलोमीटर लांब जे वाचतात, त्यांचं पुढे काय होणार हे बरंचसं ते पुढचे काही तास कुठे थांबतात यावर ठरतं.

बॉम्ब जमिनीलगत फुटला तर प्रचंड माती वितळून, वाफ होऊन वर ओढली जाते. गार होताना तिच्या कणांना किरणोत्सारी अणू चिकटतात आणि वारा नेईल तिथे ते खाली बसतात. म्हणजे चक्क धूळ! १९५४ साली बिकिनी बेटावरच्या चाचणीनंतर एका जपानी मासेमारी नौकेवर ती पांढऱ्या राखेसारखी पडली. २३च्या २३ खलाशी आजारी पडले.

आता माझा आवडता भाग. या धुळीत शेकडो समस्थानिकं, म्हणजे मूलद्रव्यांच्या अणूंचे वेगवेगळ्या वजनांचे प्रकार, असतात. कुणाचं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा वेळ) काही सेकंद, कुणाचं काही तास, कुणाचं तीस वर्षं. घाईचे अणू सुरुवातीला भरमसाट किरण फेकतात आणि लगेच संपतात. मागे रेंगाळणारे उरतात. एकच समस्थानिक असतं तर किरणोत्सार ठरावीक काळाने निम्मा होत गेला असता. इथे मात्र शेकडो वेगवेगळ्या उतारांची बेरीज आहे आणि ती साधारण स्फोटानंतरच्या काळाच्या उणे १.२ घाताने घसरते. सातचा १.२ घात जवळपास दहा. म्हणून वेळ सातपट झाला की तीव्रता दहावा हिस्सा. एका तासानंतर ती १००० धरली, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १०, दोन आठवड्यांनी १.

म्हणूनच गाडी काढून पळत सुटणं हा सर्वांत वाईट बेत; धुळीतून निघणाऱ्या, आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांना गाडीचा पत्रा जेमतेम अडवतो. साधारण सहा सेंटिमीटर काँक्रीट मात्र ते निम्मे करतं, तीस सेंटिमीटर बत्तिसावा हिस्सा. धूळ छतावर आणि जमिनीवर बसते, तेव्हा तळघर नाहीतर मोठ्या इमारतीचा मधला भाग गाठायचा आणि निदान एक-दोन दिवस, बाहेरून सूचना येईपर्यंत, तिथून हलायचं नाही.

‘किरणोत्सारापासून वाचवणारी गोळी’ म्हणून जी खपवली जाते, ती पोटॅशियम आयोडाइडची. ती थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन साठू देत नाही, एवढंच. बाहेरून येणारे गॅमा किरण तिला जुमानत नाहीत.

बाहेरून आत आलात तर वरचे कपडे काढून पिशवीत बांधून दूर ठेवा. बरीचशी धूळ तिथेच जाते. मग साबणाने अंघोळ, पण अंग खसाखसा घासायचं नाही. केसांना शांपू चालेल, कंडिशनर नको. त्याने धूळ केसांना चिकटून बसते.