चिनी भाषेतलं स्वादुपिंड

चिनी भाषेतली अवयवांची नावं शिकताना बहुतेक जण हृदयापासून सुरुवात करतात. माझ्या मते स्वादुपिंडापासून करावी. या एका अवयवाच्या नावात चिनी लिपीची घडण आणि पोटातलं रसायन, दोन्ही एकदम सापडतात.

स्वादुपिंडाला चिनीत ‘यी’ म्हणतात. स्वर खालून वर चढवायचा. अक्षराचे दोन भाग आहेत. डावीकडे ‘मांस’ हे चिन्ह. मुळात ते मांसाच्या तुकड्याचं चित्र होतं, पण लिहिता लिहिता झिजून हुबेहूब ‘चंद्र’ या अक्षरासारखं झालं. यकृत, फुप्फुस, जठर, मूत्रपिंड या सगळ्यांच्या अक्षरांत ते डावीकडे किंवा खाली बसलेलं असतं, त्यामुळे अनोळखी अक्षरही शरीराशी संबंधित असणार, हे लगेच ओळखता येतं. हृदय मात्र अपवाद. त्याचं अक्षर स्वतःच हृदयाचं चित्र आहे. ‘यी’मधला उजवा भाग केवळ उच्चार सांगतो. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच घडली आहेत: एक बाजू अर्थाची, दुसरी आवाजाची.

गंमत म्हणजे चिनी वैद्यकाच्या पाच घन आणि सहा पोकळ अवयवांच्या यादीत स्वादुपिंड नाही. वैद्यांनी त्याला वेगळं स्थान दिलं नाही, पण धुण्या-न्हाण्यात त्याला मोठा मान होता. सातव्या शतकातले वैद्य सुन स-म्याव यांच्या ग्रंथात अंग धुण्याच्या चूर्णांच्या कृती आहेत. त्यांत डाळीच्या पिठाबरोबर डुकराचं स्वादुपिंड येतं. पुढे ते कुटून त्यात चरबी आणि खार (अल्कली) मिसळून वड्या करू लागले. उत्तर चीनच्या बोलीत ‘यी-त्झ’ म्हणजे साबण, तो यावरूनच.

यामागचं विज्ञान सरळ आहे. स्वादुपिंडात लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. आपल्या आतड्यात ते चरबीचे तुकडे करून मेदाम्लं मोकळी करतं. कुटलेल्या स्वादुपिंडातही तेच होतं. मेदाम्लं खाराला भेटली की साबण तयार. विकर हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी लोक त्याच्याकडून काम करून घेत होते, याचं मला फार कौतुक वाटतं.

आज पाठ्यपुस्तकात पूर्ण शब्द ‘यी-श्येन’ असा येतो. यातलं ‘श्येन’ म्हणजे ग्रंथी, आणि हे अक्षर चीनमध्ये जन्मलेलंच नाही! जपानमध्ये १७७४ साली सुगिता गेनपाकू आणि सहकाऱ्यांनी शरीररचनेचा डच ग्रंथ भाषांतरित केला, तेव्हा ग्रंथीसाठी शब्दच नव्हता. त्यांनी डच शब्द ‘क्लीर’ उच्चाराने तसाच उतरवला. मग १८०५ च्या सुमारास उदागावा गेनशिन यांनी नवं अक्षर घडवलं: डावीकडे मांस, उजवीकडे झरा. रस पाझरणारं मांस, म्हणजे ग्रंथी. इतकी नेमकी व्याख्या एका अक्षरात बसलेली मी क्वचितच पाहिली आहे. स्वादुपिंडासाठीही त्यांनी ‘मांस’ आणि ‘गोळा होणे’ यांचं वेगळं अक्षर केलं. ते जपानमध्ये रुजलं. चीनने ‘झरा’ घेतला आणि ‘यी’ आपला जुनाच ठेवला. मधल्या काळात, १८५१ मध्ये, कँटनमधले डॉक्टर बेंजामिन हॉब्सन यांनी आपल्या चिनी ग्रंथात याच अवयवाला ‘गोड मांस’ म्हटलं होतं. आपल्या ‘स्वादुपिंड’च्या किती जवळचं! पण ते नाव टिकलं नाही.

इथवर आलात की इन्सुलिन सोपं जातं: ‘यी-ताव-सू’, म्हणजे स्वादुपिंड-बेट-द्रव्य. जर्मन संशोधक पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे सुटे पुंजके पाहिले. त्यांना पुढे बेटं म्हटलं गेलं आणि लॅटिनमधल्या बेटावरून ‘इन्सुलिन’ आलं. चिनीने तो अर्थच उचलला. ‘ताव’ या अक्षरात डोंगरावर पक्षी बसलेला आहे. ‘सू’ मूळचं न रंगवलेलं रेशीम, म्हणून मूळ द्रव्य. जीवनसत्त्व आणि प्रतिजैविक यांच्या चिनी नावांच्या शेवटीही तेच येतं. मधुमेहाला ‘थांग-न्याव-पिंग’ म्हणतात: साखर, मूत्र, रोग. मधुमेहातल्या ‘मेह’चाही संबंध मूत्राशीच आहे.

इन्सुलिनचा हा शब्द चीनमध्ये अभिमानानेही उच्चारला जातो. शांघाय आणि बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये ५१ अमिनो आम्लांचं गाईचं इन्सुलिन प्रयोगशाळेत जोडायला घेतलं. १७ सप्टेंबर १९६५ रोजी त्याचे स्फटिक हाती आले. ते टोचल्यावर उंदरांना आचके आले, म्हणजेच त्यांच्या रक्तातली साखर खरोखर उतरली होती.