ऑक्साइडचे थर धातू का होतात: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

निकेल ऑक्साइड वीज वाहून नेत नाही, हे १९३७ पूर्वीही माहीत होतं. त्या वर्षी डी बोअर आणि फेरवे या डच शास्त्रज्ञांनी त्यातली अडचण मांडली. तेव्हाच्या बँड सिद्धांताप्रमाणे (त्यात इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात हे फारसं धरलेलं नसे) ते धातू असायला हवं होतं. भौतिकशास्त्रज्ञ पायर्ल्सनी तोडगा सुचवला: इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की कुणालाच जागा सोडता येत नाही. पुढे १९४९ मध्ये नेव्हिल मॉट यांनी याच कल्पनेला सिद्धांताचं रूप दिलं.

१९५९ मध्ये बेल लॅबोरेटरीत मॉरिन यांना व्हॅनेडियम डायऑक्साइडचा एक विचित्र गुण सापडला. ६८ अंश सेल्सिअसच्या खाली ते रोधक (वीज न वाहणारं), वर धातू. चांगल्या स्फटिकात वीजवहनातली ही उडी लाखपट भरते. मॉटच्या बाजूने हा भक्कम पुरावा ठरला असता, पण नेमक्या त्याच तापमानाला स्फटिकाची रचनाही बदलते आणि थंड बाजूला व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांनी १९७१ मध्ये सगळं श्रेय या जोड्यांना दिलं. मग इलेक्ट्रॉन आधी की रचना आधी? माझ्या मते प्रश्नच चुकीच्या पद्धतीने विचारला गेला, आणि ते उघड केलं थिन फिल्मनी, म्हणजे आधारावर बसवलेल्या अतिपातळ थरांनी.

अखंड स्फटिक या उड्यांनी तडकतो, थर टिकतो. शिवाय मागावर ताणा ओढून धरावा तसा खालचा आधार-स्फटिक थराला ताणून धरतो. २००२ मध्ये मुराओका आणि हिरोई यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन वेगळ्या पृष्ठांवर तेच संयुग बसवलं. एकावर उडी सुमारे २७ अंशांना आली, दुसऱ्यावर ९६ ला. व्हॅनेडियमच्या साखळीतलं अंतर जरासं घटलं किंवा वाढलं, एवढंच. पण त्या अंतराने अणूंची जोडी आणि इलेक्ट्रॉनची हालचाल दोन्ही एकदमच बदलतात.

जाडीचाही हात असतो. लँथॅनम निकेलेट हे दुसरं ऑक्साइड एरवी धातू, पण थर दोन-चार एकक-पेशींवर (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकांवर) आला की रोधक होतो. ऑक्सिजनची उणीवही इलेक्ट्रॉन वाढवते, आणि ती मोजणं फार अवघड.

सोलापूर-कोल्हापूर भागात फवाऱ्याने किंवा रासायनिक द्रावणातून काचेवर थर बसवणं भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातवळणाचं आहे. साध्या काचेवर कण वेडेवाकडे बसतात, त्यामुळे उडी पसरट आणि लहान होते. ऑक्सिजन थोडा जास्त झाला, तर डायऑक्साइडऐवजी पिवळं व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच हाती येतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, थर धातू झाला की उष्णता परतवणारी खिडकी करायची, तर ६८ अंश फारच वर. टंगस्टन घातलं की दर टक्क्यामागे हा आकडा साधारण वीसेक अंशांनी उतरतो, मात्र उडीची धारही तेवढीच बोथट होत जाते.