पॉप-अप जाहिरातरोधन

पॉप-अप जाहिरातरोधन : वाचकाने न मागता पडद्यावर उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या अडवणे आणि त्या जाहिरातींच्या आडून वाचकावर ठेवली जाणारी पाळत तोडणे, या दोन्ही कामांना मिळून हल्ली जाहिरातरोधन म्हटले जाते. मुळात ही कामे वेगळी आहेत. पहिले साधारण १९९६ ते २००४ या आठ वर्षांत बहुतांशी निकालात निघाले. दुसरे बरेच उशिरा सुरू झाले आणि अजून चालूच आहे. व्यवहारात दोन्हींची सरमिसळ होते, आणि पॉप-अप दिसेनासे झाले म्हणजे आपल्यावरची नजरही हटली, असा समज त्यातून पसरतो. मराठीत ‘पॉप-अप’ हाच शब्द रूढ असल्याने या नोंदीत तोच ठेवला आहे.

उगम : पॉप-अप जाहिरातीचे जनकत्व सामान्यतः ईथन झुकरमन यांना दिले जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्सटाउन येथे ‘ट्रायपॉड’ ही कंपनी होती. लोकांना स्वतःची वेबपाने फुकट बनवू द्यायची आणि त्यांवर जाहिराती लावून खर्च भागवायचा, असा तिचा व्यवहार. झुकरमन तेथे १९९४ ते १९९९ या काळात काम करीत होते. एका सदस्याच्या लैंगिक विषयावरील पानावर एका बड्या मोटार कंपनीची जाहिरात झळकली आणि कंपनी बिथरली. जाहिरात दाखवायची तर आहे, पण ती त्या पानाचा भाग वाटता कामा नये, अशा पेचातून ती वेगळ्या खिडकीत टाकण्याची तोड निघाली. ती खिडकी उघडणारी आज्ञावली आपण लिहिली, असे झुकरमन यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ नियतकालिकातील लेखात सांगितले आणि त्याबद्दल वाचकांची माफीही मागितली.

हा वृत्तांत घटनेनंतर दीड तपाने लिहिलेल्या आठवणीचा आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. कालनिश्चिती तंत्राच्या अंगाने करणे अधिक भरवशाचे. ब्राउझरला नवी खिडकी आपोआप उघडायला लावणारी आज्ञा जावास्क्रिप्ट या भाषेत आहे. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत रचली आणि नॅव्हिगेटर ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीतून मार्च १९९६ मध्ये ती सर्वांच्या हाती पडली. चाचणी-आवृत्त्या त्याआधी काही महिने फिरत होत्या. तेव्हा आपोआप उघडणारी जाहिरातखिडकी १९९५ च्या अखेरीपूर्वी असणे संभवत नाही. ट्रायपॉडची प्रतिस्पर्धी ‘जिओसिटीज’ हिने १९९७ मध्ये सदस्यांच्या पानांवर जाहिराती आणल्या. यावरून १९९६-९७ हा काळ धरणे इष्ट ठरते. एकाच व्यक्तीला श्रेय (किंवा दोष) देणारे मत लोकप्रिय आहे. परंतु आज्ञा सर्वांना उपलब्ध झाल्यावर तीच युक्ती दोन-तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असणे अशक्य नाही. झुकरमन यांच्या वृत्तांताचे मोल ‘पहिले कोण’ यापेक्षा ‘खिडकी वेगळी का झाली’ हे सांगण्यात आहे. वाचकाला छळणे हा मूळ हेतू नव्हता; जाहिरातदाराची लाज राखणे हा होता.

काही लेखनात या परंपरेचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ संकेतस्थळावर झळकलेल्या एटी अँड टी कंपनीच्या जाहिरातीपासून धरलेला आढळतो. ती पानातच बसवलेली पट्टी होती. तिला पॉप-अपची पूर्वज म्हणता येईल, पॉप-अप नव्हे.

पॉप-अपचाच एक भेद म्हणजे वाचत्या खिडकीच्या मागे गुपचूप उघडणारी ‘पॉप-अंडर’ जाहिरात. २००१ च्या सुमारास ‘एक्स-टेन’ या कंपनीने आपल्या बिनतारी कॅमेऱ्यासाठी तिचा एवढा मारा केला की कॅमेऱ्यापेक्षा जाहिरातच अधिक गाजली. ब्राउझर बंद करायला गेले की मागे ती उभी असायची, आणि ती नेमकी कोणत्या संकेतस्थळाने सोडली हे वाचकाला कळायला मार्ग नसे.

खिडकीरोधन : पॉप-अप अडवण्याची सोय देणाऱ्या प्रमुख ब्राउझरांत नॉर्वेतील ‘ऑपेरा’ला बहुधा अग्रमान दिला जातो. जून २००२ मध्ये आलेल्या मोझिला ब्राउझरच्या पहिल्या आवृत्तीतही ती सोय होती. याच आज्ञावलीवर बेतलेल्या नेटस्केपच्या सातव्या आवृत्तीतून मात्र ती ऑगस्ट २००२ मध्ये वगळलेली आढळली. नेटस्केपची मालकी तेव्हा एओएल टाइम वॉर्नरकडे होती आणि या समूहाच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर पॉप-अप चालत. ओरड झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस सोय परत आली. ब्राउझर बनवणारा आणि जाहिरातींवर जगणारा एकच असेल तर काय होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून इंटरनेट एक्स्प्लोररला रोधक जोडला, नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, आणि सुट्या खिडकीच्या जाहिरातीचा धंदा बसला.

रोधकाचे तत्त्व साधे आहे. खिडकी उघडण्याची आज्ञा वाचकाच्या क्लिकपाठोपाठ आली तर ती मान्य करायची. पान उघडताच किंवा बंद होताना आपोआप आली तर अडवायची. बँकेचे पावतीचे पान क्लिकनंतर उघडते, म्हणून ते सुटते. यातली फट जाहिरातवाल्यांनी लवकरच हेरली. पानभर एक पारदर्शक थर पसरून ठेवला की वाचकाने कोठेही क्लिक केले तरी ते ‘वाचकाचे क्लिक’ ठरते. दुसरी पळवाट याहून सोपी होती : वेगळी खिडकी उघडायचीच नाही, पानाच्याच मजकुरावर एक चौकोन आणून ठेवायचा. ब्राउझरच्या लेखी तो पानाचाच एक तुकडा असल्याने खिडकीरोधकाला तो दिसतच नाही. आज वाचक ज्याला पॉप-अप म्हणतो तो बहुतेक वेळा हा चौकोन असतो. मोबाइलवर तो बंद करण्याची फुली मुगाच्या दाण्याएवढी असते आणि अंगठा तिच्यावर न पडता जाहिरातीवरच पडतो. काही ठिकाणी तर फुली ही नुसती चित्राचा भाग असते. गूगलने जानेवारी २०१७ पासून, शोधातून येताच मजकूर झाकणाऱ्या मोबाइल-पानांचा क्रम उतरवण्याचे धोरण लागू केले. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझरही ठरावीक निकष मोडणाऱ्या स्थळांवरील जाहिराती गाळू लागला.

पाळत आणि कुकी : समजा, एखाद्या वाचकाने सकाळी दुकानाच्या संकेतस्थळावर तीन लिटरचा प्रेशर कुकर पाहिला व न घेता सोडून दिला. दुपारी तो दुसऱ्याच एका संकेतस्थळावर पंचांग पाहायला जातो, तर कडेला तोच कुकर. दुकानाने पंचांगवाल्याला काही कळवलेले नसते. दोन्ही पानांवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो. सकाळी त्या कंपनीच्या सर्व्हरने वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवला. दुपारी तुकडा मागवताना ब्राउझरने तो क्रमांक आणि वाचक कोणत्या पानावर आहे ही माहिती आपणहून परत दिली. या क्रमांकाच्या चिठ्ठीला कुकी म्हणतात आणि वाचक ज्या स्थळावर गेला त्याऐवजी तिसऱ्यानेच ठेवलेल्या चिठ्ठीला ‘तृतीय-पक्ष कुकी’.

कुकी १९९४ मध्ये नेटस्केपमधील लू माँटुली यांनी योजली. खरेदीची टोपली लक्षात ठेवणे यासारखी कामे तिच्याकडून अपेक्षित होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये माँटुली आणि डेव्हिड क्रिस्टल यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या, कुकींच्या प्रमाण-नियमांच्या पत्रकात तृतीय-पक्ष कुकी वाचकाच्या संमतीविना स्वीकारू नयेत, असे स्पष्ट सुचवले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते अमलात आणले नाही. पॉप-अप नुकतेच सुरू होत असताना पाळतीवरचा उपाय असा कागदावर तयार होता, ही बाब या विषयावरील लोकप्रिय लेखनातून सहसा निसटते. अॅपलच्या सफारी ब्राउझरने तृतीय-पक्ष कुकी मार्च २०२० मध्ये सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत, म्हणजे वेगळ्या साठ्यात, ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. गूगलने क्रोममधून या कुकी दोन वर्षांच्या आत काढून टाकू असे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडला.

गाळणी-यादी : हेन्रिक आस्टेड सोरेन्सन यांनी २००२ मध्ये ‘अॅडब्लॉक’ हा फायरफॉक्सच्या पूर्वावतारासाठीचा विस्तारक (ब्राउझरला वरून जोडायची छोटी आज्ञावली, ‘एक्स्टेन्शन’) लिहिला. व्लादिमीर पालांट यांनी २००६ मध्ये ‘अॅडब्लॉक प्लस’ नव्याने बांधला. रेमंड हिल यांचा ‘यूब्लॉक’ २०१४ चा, आणि त्यातून निघालेला ‘यूब्लॉक ओरिजिन’ पुढच्या वर्षाचा. या साधनांचा प्राण विस्तारकात नसून त्याला पुरवल्या जाणाऱ्या नियमांच्या यादीत असतो. ‘ईझीलिस्ट’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. भारतीय भाषांतील स्थळांसाठी ‘इंडियनलिस्ट’ ही पूरक यादी असून तिच्या कक्षेत मराठीही येते.

नियम दोन जातींचे असतात आणि त्यांतला भेद गोपनीयतेच्या दृष्टीने कळीचा आहे. दोन उभ्या रेषांनी सुरू होणारा नियम ‘अमुक सर्व्हरकडे मागणीच पाठवू नको’ असे ब्राउझरला सांगतो. दोन हॅश चिन्हांमागून येणारा नियम पानाचा तयार तुकडा केवळ डोळ्यांआड करतो. पहिल्यात जाहिरात कंपनीला वाचक आल्याचा पत्ताच लागत नाही. दुसऱ्यात मागणी गेलेली असते, कुकी पोचलेली असते. फक्त चित्र दिसत नाही. पान स्वच्छ दिसते एवढ्यावरून गोपनीयतेचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळे.

क्रोमच्या विस्तारकांसाठीच्या तिसऱ्या नियमावलीने, मॅनिफेस्ट व्ही-थ्रीने, मागणी अडवण्याचा निर्णय विस्तारकाच्या हातून काढून ब्राउझरकडे दिला. विस्तारकाने नियमांची यादी आधी द्यायची. अंमलबजावणी ब्राउझर करणार. प्रत्येक विस्तारकाला ३०,००० नियमांची हमी असून त्यापुढील जागा सर्वांच्या सामाईक कोट्यातून मिळते. विस्तारकाला वाचकाची प्रत्येक मागणी वाचता येणे हाच एक धोका होता, हे गूगलचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तथापि जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने रोधकाची ताकद ठरवावी, यात नेटस्केपच्या सातव्या आवृत्तीची आठवण होणे साहजिक आहे. यूब्लॉक ओरिजिनची मूळ आवृत्ती क्रोमवर यामुळे बाद झाली आणि हलकी ‘लाइट’ आवृत्ती उरली. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती चालते.

ब्राउझरचा ठसा : कुकी पुसली तरी पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, कालविभाग, ब्राउझरची आवृत्ती अशा तपशिलांच्या जुळणीतून एखादा संगणक ओळखता येतो. पीटर एकर्सली यांच्या २०१० च्या पाहणीत तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय ठरले. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये एका गर्दीच्या संकेतस्थळावरचे वीस लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्के निघाले. पहिल्या पाहणीत गोपनीयतेबद्दल मुळात जागरूक असलेले लोक आपणहून आले होते. त्यामुळे सामान्य वाचकासाठी दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. जास्त विस्तारक बसवले की ठसा अधिक वेगळा होऊ शकतो, ही या उपायांतील एक विचित्र गुंतागुंत.

वाद : जाहिरात अडवणे म्हणजे प्रकाशकाचे उत्पन्न बुडवणे, हा मुख्य आक्षेप. जर्मनीतील आक्सेल स्प्रिंगर या प्रकाशनसमूहाने अॅडब्लॉक प्लसच्या ‘आयओ’ या कंपनीवर खटला केला. १९ एप्रिल २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हे रोधन अनुचित स्पर्धा ठरत नाही असा निर्णय दिला. स्वामित्वहक्काच्या मुद्द्यावरचा वेगळा दावा त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेरविचारासाठी हँबर्गच्या न्यायालयाकडे परत पाठवला. ‘स्वीकारार्ह जाहिराती’ रोधकातून सोडण्यासाठी बड्या कंपन्यांकडून पैसे घेण्याची आयओची २०११ पासूनची पद्धत मात्र रोधनाच्या समर्थकांनाही खटकते. सुरक्षेचा युक्तिवाद तुलनेने निर्विवाद आहे. सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर जाहिरातीच्या जागेतून खोट्या व्हायरसरोधकाची खिडकी उघडू लागली होती. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने फसव्या शोध-जाहिरातींपासून बचावासाठी जाहिरातरोधक वापरण्याची सूचना नागरिकांना केली.

भारत : जाहिरातरोधक वापरण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियमात मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार दिले असून पुन्हापुन्हा तगादा लावणे व वेष पालटलेली जाहिरात हे त्यांत येतात.

भारतात रोधन वाढले ते प्रामुख्याने मोबाइलमधून, डेटा वाचवण्याच्या गरजेपोटी. ‘पेजफेअर’ कंपनीने २०१६ मध्ये जगभरात ४१.९ कोटी लोक मोबाइलवर जाहिराती रोखतात असा अंदाज दिला होता आणि त्यात चीनपाठोपाठ भारताचा क्रम होता. ही कंपनी प्रकाशकांना रोधकांवरचा उतारा विकत असे, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. या वाढीत मोठा वाटा असलेल्या यूसी ब्राउझरवर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली.

अँड्रॉइड फोनवर सध्या आढळणारा प्रकार वेगळाच आहे. गाण्याचे बोल किंवा निकाल शोधताना एखादे पान ‘तुम्ही रोबोट नसल्याचे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या’ असे सांगते. ती परवानगी प्रत्यक्षात सूचना पाठवण्याची असते. एकदा दिली की ब्राउझर बंद असतानाही फोनच्या वरच्या पट्टीत ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा जाहिराती उतरत राहतात, आणि घरचे लोक फोन बिघडला म्हणून दुकानात नेतात. विस्तारकाचा येथे उपयोग होत नाही. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये मुळात विस्तारक बसतच नाहीत. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘साइट सेटिंग्ज’ उघडून, ‘सूचना’ या सदरात त्या संकेतस्थळाचे नाव शोधून परवानगी काढून घ्यावी लागते.