सारंगखेड्याच्या घोडेबाजारातलं रंगांचं शास्त्र

"दादा, हाऊ पांढरा जलमना नही. काया जलमना व्हता."

सारंगखेड्याच्या यात्रेत एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने आपल्या पांढऱ्याशुभ्र घोड्याच्या मानेवर हात फिरवत हे सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. पांढरा घोडा म्हणे काळा जन्मला होता. गिऱ्हाइकाला गुंतवायला काहीतरी सांगतोय असं वाटून मी पुढे निघालो. त्याने हाक मारून परत बोलावलं. नाकपुडीजवळचे विरळ केस अंगठ्याने बाजूला सारून दाखवले, मग डोळ्याची कड, मग शेपटी उचलून खालची कातडी. सगळीकडे कोळशासारखा काळा रंग. पांढरे होते ते फक्त केस. "आते देख," एवढंच म्हणाला आणि चारा टाकायला वळला.

तो अक्षरशः खरं बोलत होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हापासून या बाजारात मी किंमती ऐकायला जात नाही, रंगांची नावं ऐकायला जातो.

मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. पहाटे थंडीत राहुट्यांमधून फिरलं की कानावर पडतं ते असं: हा कुमैत, तो मुश्की, ती अबलख घोडी, पलीकडे नुकरा, आणि तो बघा पंचकल्याणी. बाहेरच्या माणसाला हे सगळे तपकिरी, काळे आणि पांढरे घोडे. बाजारातल्या माणसाला मात्र कुमैत म्हणजे केवळ तपकिरी नाही. अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपटी आणि पायांचा खालचा भाग काळा असला तरच तो कुमैत. आयाळही तांबडीच असेल तर तो सुरंग, म्हणजे वेगळाच वाण.

हा फरक त्यांनी डोळ्यांनी टिपला. जनुकशास्त्राने रेघ ओढली ती नेमकी याच जागी.

घोड्याच्या केसात रंगद्रव्य एकच, मेलॅनिन. त्याचे प्रकार दोन. युमेलॅनिन काळं-तपकिरी आणि फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. केसाच्या मुळाशी बसलेली रंगपेशी यांपैकी कोणतं बनवायचं ते एका कळीवर ठरवते. त्या कळीचं नाव एमसी1आर. कळ दाबली गेली की काळं, नाही तर तांबडं. 1996 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तांबड्या घोड्यात ही कळ घडवणाऱ्या जनुकातलं, म्हणजे डीएनएच्या मजकुरातलं, फक्त एक अक्षर बदललेलं असतं. आई आणि बाप दोघांकडूनही ते बिघडलेलं अक्षर आलं, तर कळ दाबलीच जात नाही आणि नाकापासून शेपटीपर्यंत घोडा तांबडा होतो. हाच आपला सुरंग. माणसांमध्ये लाल केस येतात तेही बहुतेक वेळा याच जनुकातल्या बदलांमुळे.

मग कुमैत? त्याची कळ शाबूत असते, पण अगूटी नावाचं दुसरं जनुक अंगावरच्या केसांत ती कळ अडवून धरतं. आयाळ, शेपटी आणि पाय यांवर त्याचा अंमल चालत नाही, म्हणून तिथे काळा रंग उरतो. या अगूटीतली अकरा अक्षरं गळाली, तर अडवणारं कोणी राहत नाही आणि घोडा सगळाच काळा होतो. तो मुश्की. अकरा अक्षरांचा हिशेब लागला 2001 मध्ये.

सातपुड्यात बिबटे आहेत, म्हणून इथेच सांगून टाकतो. काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. त्याच्यातही हेच अगूटी जनुक निकामी झालेलं असतं. तिरप्या उन्हात नीट पाहिलं तर त्याच्या काळ्या अंगावर ठिपके दिसतात, काळ्या नऊवारीवरच्या काळ्या बुट्टीसारखे. दक्षिण अमेरिकेतला काळा जग्वार मात्र दुसऱ्या वाटेने काळा झालाय. त्याच्यात बदल आहे तो एमसी1आरमध्ये, म्हणजे कळीतच.

आता त्या म्हाताऱ्याचा घोडा. बाजारात त्याला सब्जा म्हणतात. असं शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमैत रंगाचं जन्मतं. वर्ष-दोन वर्षांत केसांत पांढरं डोकावू लागतं, मधल्या काळात अंगावर राखाडी चांदण्या पडल्यासारखं दिसतं, आणि सहा ते आठ वर्षांत घोडा पांढरा होतो. कातडी काळीच राहते. 2008 मध्ये याचं कारण सापडलं. एसटीएक्स17 नावाच्या जनुकात 4,600 अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलेला असतो. त्यामुळे केसांच्या मुळाशी असलेला रंगपेशींचा साठा लवकर खर्च होऊन संपतो, तर कातडीतल्या रंगपेशी उलट वाढतच राहतात. वेगवेगळ्या जातींचे सब्जे घोडे तपासले तेव्हा सगळ्यांत तोच, तसाच तुकडा निघाला. हजारो वर्षांपूर्वी एका घोड्यात ही चूक झाली आणि तिचं रूप माणसाला इतकं भावलं, की राजांनी, सरदारांनी, नवरदेवांनी तिची वंशावळ पिढ्यानपिढ्या सांभाळली.

त्या रूपाची किंमत घोडा भरतो. कातडीत वाढत राहणाऱ्या याच पेशींमुळे पंधरा वर्षांवरच्या सब्ज्या घोड्यांपैकी 70 ते 80 टक्क्यांना मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, गाठी होतात. सर्वांत आधी त्या दिसतात शेपटीखाली. त्या म्हाताऱ्याने शेपटी उचलली ती मला रंग दाखवायला, पण पांढरा घोडा विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तिथे हात फिरवून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पांढऱ्या घोड्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, आणि तोच घोडा म्हातारा होऊन गाठींनी बेजार झाला की कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही. हे मी पाहिलंय आणि ते विसरता येत नाही.

नुकरा वेगळा. तोही पांढरा, पण जन्मापासून, आणि केसांखालची कातडी गुलाबी. त्याच्या कातडीत मेलॅनिनच नसतं. खान्देशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या उन्हात गुलाबी नाकाची कातडी भाजून निघते, सोलते. सब्ज्याला जितकी सावली पुरते तितकी नुकऱ्याला पुरत नाही. पुष्कळ जण नुकऱ्याला अल्बिनो म्हणतात, ते बरोबर नाही. अल्बिनो प्राण्यात मेलॅनिन बनवण्याची यंत्रणाच बंद असते, त्यामुळे डोळेही रंगहीन राहतात आणि आतल्या रक्तवाहिन्यांमुळे तांबूस दिसतात. असा उंदीर सापडतो, ससा सापडतो, साप सापडतो. खरा अल्बिनो घोडा अजून कुठेही सापडलेला नाही.

अबलख आणि पंचकल्याणी यांच्यावर मात्र माझा विशेष जीव आहे.

पंचकल्याणी म्हणजे चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पाच शुभ खुणा म्हणून त्याला मान. पण या पाचच जागा का? पोटातल्या गर्भाकडे पाहिलं की उत्तर मिळतं. रंगपेशी कातडीत तयार होत नाहीत. त्यांचा जन्म होतो गर्भाच्या पाठीच्या कण्यालगत, मज्जाशिखा नावाच्या पेशींच्या ओळीत. तिथून त्या दोन्ही कुशींवरून खाली सरकत जातात आणि वाटेत वाढत, पसरत कातडी व्यापतात. कण्यापासून सर्वांत दूर काय? पायांची टोकं, पोटाची मधली रेघ, आणि कपाळाची मधली जागा, जिथे दोन्ही बाजूंनी येणाऱ्या पेशी सर्वांत शेवटी भेटतात. पेशी थोड्या कमी पडल्या तर याच जागा कोऱ्या राहतात. पंचकल्याणी घोड्याच्या अंगावर एका प्रवासाचा नकाशाच छापलेला असतो. गल्लीतल्या काळ्या मांजरीचे पांढरे मोजे आणि छातीवरचा ठिपका हीसुद्धा त्याच प्रवासाची खूण.

पेशी जास्तच कमी पडल्या, की अंगावर मोठी पांढरी ठिगळं उरतात, म्हणजेच अबलख. आपल्या जळगावकडच्या आणि पलीकडे निमाडातल्या निमाडी बैलाच्या तांबड्या अंगावर पांढरे मोठाले भपके दिसतात, ते याच जातीचं काम. केआयटी नावाचं एक जनुक रंगपेशींच्या वाढीला लागतं, आणि अनेक प्राण्यांत अशा पांढऱ्या ठिगळांमागे त्यातलाच बदल असतो. पूर्वी समजूत होती की या पेशी फार हळू चालतात, म्हणून पोहोचत नाहीत. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या गर्भात त्यांची चाल मोजली, तर त्या उलट जरा वेगानेच फिरताना दिसल्या. कमी होती ती संख्या. त्यांचं विभाजनच पुरेसं होत नव्हतं. शिवाय त्या ठरवून कुठे जात नाहीत, वाट फुटेल तिकडे भटकतात. म्हणून दोन अबलख घोड्यांची ठिगळं कधीच सारखी नसतात. जनुकं अगदी तीच दिली तरी नक्षी पुन्हा तशी उमटणार नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. वाण म्हणजे अंगाचा रंग, तो वरवरचा आणि न लागणारा. गुण आतला. पण ज्या मज्जाशिखेतून रंगपेशी निघतात तिच्यातूनच आतड्यांच्या चेतापेशीही निघतात. अमेरिकेतल्या काही ठिपकेदार घोड्यांमध्ये एक जनुकबदल आहे. त्याची एक प्रत आली तर सुंदर पांढरी ठिगळं येतात. दोन्ही प्रती आल्या तर शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मतं, उठून उभं राहतं, आईचं दूध पितं आणि काही दिवसांतच जातं, कारण त्याच्या आतड्याला हालचालच करता येत नाही. रंगपेशी कानाच्या आतही लागतात. निळ्या डोळ्यांच्या पूर्ण पांढऱ्या मांजरांत बहिरेपणा इतका आढळतो तो यामुळेच. वाण आणि गुण कधीकधी एकाच घरातून निघालेले असतात. केवळ रंगासाठी जोड लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

बाजार संपवून शहाद्याच्या दिशेने निघालं की रस्त्याला दादर ज्वारीची शेतं लागतात आणि त्यांवर पोपटांचे थवे. लाखांत एखादा पोपट हळदीसारखा पिवळाधमक निघतो. त्यात पिवळा रंग नव्याने आलेला नसतो, तो प्रत्येक हिरव्या पोपटात असतोच. पोपटाच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नाहीच मुळी. वर पिवळा रंग, त्याखाली अतिसूक्ष्म पोकळ्यांची रचना, जी प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकते, आणि सर्वांत खाली बाकीचा उजेड शोषून घेणारं मेलॅनिन. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो. मेलॅनिन गेलं की निळा विरून जातो आणि पिवळा उघडा पडतो. गळलेलं मोरपीस हाती लागलं तर उजेडाकडे धरून पाहा. समोरून निळं-हिरवं चमकणारं पीस आरपार पाहताना मळकट तपकिरी दिसेल. तो तपकिरी म्हणजेच मेलॅनिन. मोराच्या पिसात त्याच्या बारीक कांड्या ओळीने रचलेल्या असतात आणि त्यांच्यातल्या अंतरानुसार रंग बदलतो. घोड्याचा काळा आणि मोराचा निळा, दोन्हीकडे सामान तेच.

याच शहादा तालुक्यातून उत्तरेला सातपुड्याचा पायथा लागतो. या रानाने रंगाकडे नीट बघण्याचं मोल जगाला दाखवलंय. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं वर्णन पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये केलं. 1880च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशातून त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याचा एक नमुना लंडनच्या संग्रहालयात होता, पण पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं, की मायनर्ट्झहागेन या कर्नलने जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटं ठिकाण बाद झालं आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या रानात आले. भर सकाळी उघड्या फांदीवर एक पिंगळा बसला होता. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं, पोटाचा मध्य पांढरा, शेपटीवर रुंद ठसठशीत पट्टे. एवढाच फरक. 113 वर्षं हरवलेली जात त्या कोऱ्या डोक्यावरून ओळखली गेली. पुढे तोरणमाळ, मेळघाट अशा ठिकाणीही तो सापडला. आजही तो धोक्यात आहे, कारण त्याला लागतात जुन्या सागाच्या झाडांतल्या ढोली, आणि जुनी झाडं कमी होत चालली आहेत.

गेल्या यात्रेत मी माझ्या पुतणीला घेऊन गेलो होतो. एका पांढऱ्या घोडीच्या पोटाशी काळं कुळकुळीत शिंगरू उभं होतं. "काका, आई पांढरी आणि हे काळं कसं?" तिने विचारलं. मी घोडीच्या नाकाजवळची काळी कातडी दाखवली आणि शिंगराच्या डोळ्याभोवती नीट बघायला सांगितलं. सब्ज्या शिंगराचे पहिले पांढरे केस बहुधा तिथेच उगवतात. ती वाकली, शिंगराने कान हलवले, फुरफुरलं, तरी ती मागे सरली नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "आहेत. चार आहेत. नाही, पाच."