आजीचं पार्लर आणि गिगरचा मुखवटा: 'हाइड युअर फेस'ची पार्श्वभूमी

२३ फेब्रुवारी १९९४ रोजी जपानमध्ये एक सीडी बाजारात आली. मुखपृष्ठावर गायकाचा हसरा फोटो नव्हता. होता तो एक मुखवटा, धातूचा म्हणावा की हाडांचा हे ठरवता येऊ नये असा. स्वित्झर्लंडच्या एच. आर. गिगरची ही कलाकृती. 'एलियन' चित्रपटातला तो भयंकर प्राणी ज्याच्या कल्पनेतून जन्मला, तोच हा गिगर. अल्बमचं नाव 'हाइड युअर फेस' आणि गायकाचं नाव हिदे. 'एक्स जपान' या जपानी रॉक बँडच्या या गिटारवादकाचा हा पहिला सोलो अल्बम.

इथे देवनागरी आपली पंचाईत करते. रोमन लिपीत गायकाचं नाव आणि 'लपव' या अर्थाचा इंग्रजी शब्द अक्षरशः एकच आहेत. चारही अक्षरं तीच. जपानी वाचला तर हिदे, इंग्रजी वाचला तर हाइड. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी एवढा खुलासा. म्हणजे अल्बमचं नाव 'चेहरा लपव' असंही वाचता येतं आणि मध्ये एक स्वल्पविराम टाकला की 'हिदे, तुझा चेहरा' असंही. मला दुसरं वाचन जास्त आवडतं. का, ते समजायला योकोसुकापर्यंत मागे जावं लागेल.

हिदेतो मात्सुमोतोचा, म्हणजेच हिदेचा, जन्म १३ डिसेंबर १९६४चा, कानागावा प्रांतातल्या योकोसुका शहरातला. तोक्यो उपसागराच्या तोंडाशी वसलेलं हे बंदराचं गाव. आधी जपानी आरमाराचं होतं, १९४५ नंतर अमेरिकी आरमाराचा तळ झालं. तळाबाहेर दोबुइता नावाची गल्ली आहे. 'दोबुइता' म्हणजे गटारावर टाकलेली फळी, कारण एकेकाळी त्या रस्त्यातून वाहणारा नाला झाकून टाकला होता. तिथे अमेरिकन खलाशांसाठी बार निघाले आणि पाठीवर वाघ, गरुड, ड्रॅगन भरतकामात काढलेली चकचकीत रेशमी जाकिटंही विकायला आली. त्या जाकिटाला आजही 'सुकाजान' म्हणतात, त्यातला 'सुका' योकोसुकातला. अशा गावातल्या मुलाला अमेरिका टीव्हीत शोधायची गरज नव्हती, ती कोपऱ्यावर उभी असायची.

लहानपणी हिदेतो जाडा होता, अभ्यासू होता आणि रॉकशी त्याचा काही संबंध नव्हता. पंधराव्या वर्षी एका मित्राने त्याला 'किस' या अमेरिकन बँडचा 'अलाइव्ह!' हा अल्बम ऐकवला. चौघांची तोंडं पांढऱ्या-काळ्या रंगाने माखलेली, एकाची लांबलचक जीभ, मंचावर धूर आणि आग. त्याच वर्षी आजीने त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, गिब्सन लेस पॉल डीलक्स. पहिलीच गिटार आणि थेट गिब्सन! नातवाच्या हट्टाला आजी कुठवर जाते याचा नमुना म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

ही आजी ब्यूटी पार्लर चालवायची. ही बाब चरित्रांमध्ये एका ओळीत उरकली जाते, पण माझ्या मते या अल्बमची मूळ किल्ली तिथेच आहे. ज्या घरात बायका एका चेहऱ्याने आत येतात आणि दुसऱ्या चेहऱ्याने बाहेर पडतात, तिथे वाढलेल्या मुलाला रंगरंगोटी म्हणजे खोटेपणा वाटत नाही. तो रोजचा धंदा असतो. त्यात 'किस'ची भर पडली. पुढे हिदेने तोक्योत केशरचना आणि सौंदर्यशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं, परवानाही मिळवला.

संगीत जोडीला चालूच होतं. १९८१च्या सुमाराला त्याने योकोसुकात 'सेव्हर टायगर' हा बँड काढला. काही वर्षं तोक्यो-योकोहामातल्या लहानसहान लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे संगीताच्या क्लबांमध्ये, तो वाजवत राहिला, माणसं बदलली, आणि १९८७च्या सुरुवातीला बँड मोडला. हिदे तेव्हा बावीस वर्षांचा होता. संगीत सोडून केस कापायचे, असं त्याने जवळपास ठरवलंच होतं. तेवढ्यात योशिकीने त्याला आपल्या 'एक्स' या बँडमध्ये बोलावलं. योशिकी तातेयामाचा, म्हणजे उपसागराच्या त्या तोंडाशी योकोसुकाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा. ड्रम आणि पियानो दोन्ही वाजवणारा हा माणूस बालमित्र तोशीला गायक घेऊन १९८२ पासून हा बँड चालवत होता.

एक्सची गोष्ट इथे थोडक्यातच सांगतो, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९८८च्या एप्रिलमध्ये योशिकीच्या स्वतःच्या 'एक्स्टसी' या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, पहिला अल्बम आला. १९८९च्या एप्रिलमध्ये मोठ्या कंपनीकडून 'ब्लू ब्लड' आला. त्याच्यावर एक घोषणा छापलेली होती: 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक'. तिच्यातल्या 'व्हिज्युअल' या शब्दाशी पुढे भडक वेश-मेकअप करणाऱ्या जपानी रॉकचं 'व्हिज्युअल केइ' हे नाव जोडलं गेलं. उभे फवारलेले केस, पांढरा मेकअप, झालरी, चामडं, आणि त्याखाली धडाधडा वाजणारं मेटल. मंचावरच्या या रूपात पार्लरमध्ये वाढलेल्या आणि परवाना असलेल्या गिटारवादकाचा वाटा किती होता, हे मोजून सांगता येणार नाही. नगण्य नक्कीच नव्हता.

पण एक्सचं संगीत प्रामुख्याने योशिकीचं होतं. लांब, भव्य, शोकाकुल, व्हायोलिन-पियानोने भरलेलं. हिदेची गाणी त्यात अधूनमधून डोकावतात: 'ब्लू ब्लड'मध्ये 'सेलिब्रेशन', १९९१च्या 'जेलसी'मध्ये 'मिसकास्ट', 'जोकर' आणि 'लव्ह रेप्लिका'. ती ऐकली की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तोंडात घास असताना विनोद सांगावा तसं होतं. खट्याळ, थोडी चावट, थोडी सर्कशीतली. बाकीच्या अल्बमशी ती पूर्ण जुळत नाहीत आणि म्हणूनच लक्षात राहतात.

जानेवारी १९९२मध्ये एक्सने तोक्यो डोममध्ये सलग तीन रात्री कार्यक्रम केले. त्यानंतर बासवादक ताइजी बाहेर पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये पत्रकार परिषद झाली, हीथ हा नवा बासवादक जगापुढे आला आणि अमेरिकेत त्याच नावाचा बँड असल्यामुळे 'एक्स'चं 'एक्स जपान' झालं. मग मोठा खंड पडला. त्या काळात एकेक जण आपापल्या वाटेने गेला. तोशीने १९९२मध्ये सोलो अल्बम केला. योशिकीने १९९३मध्ये लंडनच्या ऑर्केस्ट्राला आणि बीटल्सच्या जॉर्ज मार्टिनला सोबत घेऊन आपल्या सुरावटी शास्त्रीय थाटात बांधल्या. दुसरा गिटारवादक पाता यानेही आपला अल्बम काढला.

आता १९९३चा ऑगस्ट पाहा. २५ तारखेला एक्स जपानचा 'आर्ट ऑफ लाइफ' आला: एकच गाणं, एकोणतीस मिनिटांचं. त्याच्या वीस दिवस आधी, ५ तारखेला, हिदेने एकाच दिवशी दोन छोटी सिंगल्स काढली होती, 'आइज लव्ह यू' आणि '५०% अँड ५०%'. त्या काळी जपानमध्ये सिंगल म्हणजे आठ सेंटिमीटरची चिमुकली सीडी, कागदाच्या लांबट पाकिटात. एकाच बँडमधल्या दोघांच्या डोक्यात त्या महिन्यात किती वेगवेगळं चाललं होतं, ते एवढ्यावरून कळावं. योशिकीला महाकाव्य लिहायचं होतं. हिदेला चार मिनिटांत उडी मारून पळून जायचं होतं.

आणि गायचंही होतं, ही सगळ्यात धाडसाची गोष्ट. तोशीसारखा गळा ज्या बँडमध्ये आहे, तिथल्या गिटारवाल्याने माइक हातात घ्यायचा! हिदेचा आवाज पातळ, नाकातून येणारा, वर चढताना किंचित फाटणारा. त्याने ते लपवलं नाही. कुठे आवाजावर यंत्राची खरखर चढवली, कुठे थरावर थर रचले, कुठे कानाशी कुजबुजल्यासारखा तसाच ठेवला. पार्लरवाल्याची हीच पद्धत असते: नाक बदलता येत नाही, केस कसे पाडायचे ते आपल्या हातात असतं.

या कामात त्याचा जोडीदार होता काझुहिको इनादा. आय. एन. ए. या नावाने ओळखला जाणारा हा प्रोग्रामर एक्ससाठी काम करता करता हिदेचा सहकारी झाला, आणि संगणक, सँपल, यंत्रांचे ठोके हे सगळं हिदेच्या गाण्यांत मुरवण्यात त्याचा मोठा हात आहे. ड्रमवर अमेरिकेचा टेरी बोझिओ, एकेकाळी फ्रँक झॅपाबरोबर वाजवणारा. बासवर टी. एम. स्टीव्हन्स, फंकमध्ये भिजलेला माणूस. मेटलच्या चाहत्यांनी भुवया उंचावाव्यात अशीच ही निवड. काही गाण्यांचे शब्द युकिनोजो मोरीचे आहेत. 'ड्रॅगन बॉल झी'च्या पहिल्या शीर्षकगीताचे शब्दही त्याचेच. 'फ्रोझन बग' हे गाणं हिदेने 'लुना सी' बँडच्या जे आणि इनोरान यांच्यासोबत आधी केलं होतं. इथे ते नव्या रूपात आलं. लुना सीला एक्स्टसी लेबलपर्यंत पोचवण्यात हिदेचाच पुढाकार होता. नव्या पोरांना हेरून पुढे ढकलण्याची त्याला सवयच होती.

अल्बममध्ये एकूण सोळा तुकडे आहेत. सुरुवात 'सायकोम्युनिटी' या शब्दांविना वाजणाऱ्या तुकड्याने, जिथे गिटारीच गिटारी वाद्यवृंदासारख्या उभ्या राहतात. लगेच 'डाइस' धावत सुटतं. पुढे 'डाउट'मध्ये कारखाना सुरू झाल्यासारखा लोखंडी गोंगाट. अमेरिकेत तेव्हा इंडस्ट्रियल रॉक जोरात होतं, त्याचा वास इथे स्पष्ट येतो. 'डी. ओ. डी.' म्हणजे 'ड्रिंक ऑर डाय', आणि हिदेचं पिणं प्रसिद्ध होतं, तेव्हा त्यावर अधिक बोलायला नको. 'अ स्टोरी'त एकदम सगळं शांत होतं. खरं सांगायचं तर अल्बम लांब आहे, सत्तर मिनिटांच्या वर, आणि मधला एखादा तुकडा गाळला असता तर बिघडलं नसतं.

माझं लाडकं गाणं मात्र 'ओब्लाट'. हा शब्द जपानीत डच भाषेतून आला. पिठाच्या सत्त्वापासून केलेला पारदर्शक, खाता येणारा पातळ पापुद्रा. कडू औषधाची पूड त्यात गुंडाळून गिळतात. आपल्याकडे गुळाच्या खड्यात घालून द्यायचे, तेच. गाणं तडतडीत आहे, पण मला त्याचं नावच पुरतं. या माणसाचं सगळं संगीत असंच बांधलेलं आहे. वरून गुलाबी केस, पिवळ्या गिटारीवर लाल बदाम, कार्टूनसारखा उत्साह. आत बरंच काही कडू.

१९९४मध्येच या अल्बमचा दौरा झाला आणि एक्सच्या गर्दीतला गिटारवादक स्वतःच्या नावावर मोठी सभागृहं भरू लागला. १९९६च्या सप्टेंबरमधला दुसरा अल्बम 'सायन्स' जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९९७च्या ३१ डिसेंबरला एक्स जपानने तोक्यो डोममध्ये निरोपाचा कार्यक्रम केला. २ मे १९९८ रोजी हिदे गेला, तेहतिसाव्या वर्षी. पोलिसांनी ती आत्महत्या ठरवली, जवळच्या काही सहकाऱ्यांना तो अपघात वाटतो. त्सुकिजी होंगान-जी मंदिरातल्या अंत्यविधीला सुमारे पन्नास हजार लोक आले होते. तिसरा अल्बम 'जा, झू' अर्धा राहिला होता. इनादा आणि बाकीच्या सोबत्यांनी तो पूर्ण करून त्याच नोव्हेंबरमध्ये आणला. बहुतेक लोक त्याला ओळखतात ते त्या वर्षीच्या 'पिंक स्पायडर'मुळे, आणि गाणं आहेच तसं. पण तिथपर्यंतचा रस्ता १९९४च्या या सीडीतूनच जातो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 'डाइस'ने सुरुवात करू नये, दमायला होतं. आधी 'टेल मी' लावा. तेराव्या क्रमांकावर आहे, इतकं सरळ आणि मोकळं गाणं की गिगरच्या त्या मुखवट्याखाली हे कसं काय दडलं होतं असं वाटावं. मग 'आइज लव्ह यू', मग 'ओब्लाट'. आणि त्यानंतर रात्री, दिवे घालवून, पहिल्यापासून सगळं.