मावळतीचे आभाळ : सीमाभागातील एका छंदाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील हौशी छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर तिन्हीसांजेला आभाळाची छायाचित्रे येऊ लागतात. एखादे येळ्ळूरच्या राजहंसगडावरून घेतलेले असते, एखादे राकसकोप जलाशयाच्या काठावरून, तर एखादे घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून. ती एकापुढे एक पाहिली की एकच मावळती वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरात किती निरनिराळी दिसते, ते ध्यानात येते. या छंदाला मोबाइलचे खूळ म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते इतिहासाला धरून नाही. आभाळ पाहणे, पाहिलेले टिपून ठेवणे आणि दुसऱ्या गावच्या माणसाने टिपलेल्याशी ते ताडून बघणे ही रीत मोबाइलच्या कितीतरी आधीची असून तिचा एक धागा या मुलखातून गेलेला आहे.

हा धागा जमखंडीचा आहे. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात, जे आज बागलकोट जिल्ह्यात मोडते, १८ ऑगस्ट १८६८ रोजी सकाळी खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. त्याच्या निरीक्षणासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन तेथे आले होते. ऑगस्ट म्हणजे ऐन पाऊसकाळ, त्यामुळे ढगांनी त्यांना अखेरपर्यंत टांगणीला लावले. परंतु ढग जरा फाकले तेवढ्या अवधीत सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा त्यांना दिसल्या आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे सिद्ध झाले. त्याच ग्रहणाचे निरीक्षण इतरांनी विजापूर आणि गुंटूर येथून केले होते. निरनिराळ्या गावांतील नोंदी शेजारी ठेवल्यावर एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, आणि ज्वालांच्या वर्णपटातील ती नारिंगी-पिवळी रेषा पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. या लेफ्टनंट हर्शेल यांचे वडील सर जॉन हर्शेल यांनीच १८३९ मध्ये 'फोटोग्राफी' हा शब्द रूढ केला होता आणि छायाचित्र कायम करणाऱ्या, जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी असलेल्या 'हायपो'चा गुणही त्यांनीच शोधला होता. छायाचित्रणाच्या कुळातला माणूस आभाळ पाहायला जमखंडीपर्यंत आला, ही गोष्ट आपल्या भागात फारशी कोणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

संधिप्रकाशाकडे लक्ष देण्याची परंपरा अर्थात त्याहून जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत संध्येच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि चंद्राला खळे पडले की पावसाचा अदमास बांधणारी माणसे आजही गावोगावी भेटतात. परंतु एका गावचा ढग दुसऱ्या गावच्या ढगाशी ताडायचा तर दोघांनी त्याला एकाच नावाने ओळखले पाहिजे. ती सोय लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने डिसेंबर १८०२ मधील एका व्याख्यानात केली. सिरस (पिसांसारखे), क्युम्युलस (ढिगांसारखे), स्ट्रॅटस (थरांसारखे) ही त्याने ढगांना दिलेली नावे आजही चालू आहेत. हॉवर्ड हवामानाचा पगारी अभ्यासक नव्हता, हौशी होता, हे या छंदाच्या इतिहासात विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

छायाचित्रणाने मात्र आभाळाची दीर्घकाळ निराशा केली. फिल्मच्या आधी छायाचित्र लेप दिलेल्या काचेवर घेत, आणि या सुरुवातीच्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असत. निळे आभाळ त्यांच्यावर इतक्या जोराने उमटे की छापावर नुसता पांढरा पट्टा दिसे आणि ढग नाहीसे होत. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्रासाठी एक आणि आभाळासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून त्यावर तोड काढली. तांबड्या रंगाला तर त्या काचा जवळजवळ आंधळ्याच होत्या. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून काम करता येई, ते याच कारणाने. म्हणजे ज्या रंगासाठी मावळती पाहायची, तो त्या काचांना काळोखच होता. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी काचांवरील लेपात रंगद्रव्ये मिसळून त्यांची जाण वाढवली, तरी सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. बेळगावातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यावसायिक छायाचित्रकार होते, याचा पुरावा सर्वांच्या परिचयाचा आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले असताना वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या आग्रहाखातर त्यांचे जे छायाचित्र घेतले गेले, ते 'एस. महादेव अँड सन' या येथील पेढीने काढले होते. परंतु त्या काळचा स्टुडिओ माणसांच्या तसबिरींसाठी असे. त्यातले आभाळ असलेच तर मागच्या पडद्यावर रंगवलेले. खरे आभाळ रंगांत उतरवण्याचे काम चित्रकारांकडे राहिले. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे गुरू झाले आणि १९३५ मध्ये येथेच जन्मलेले रवी परांजपे यांच्यासारखे त्यांचे शिष्य पुढे नावारूपाला आले, त्यामुळे या शहराला निसर्गचित्राची नजर कॅमेऱ्याच्या आधी लाभली, असे मी मानतो.

चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्यातील हे अंतर सर्वांत ठळकपणे दिसले ते १८८३ मध्ये. २६ आणि २७ ऑगस्टला आजच्या इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आणि वातावरणात उंच फेकले गेलेले कण वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे वाहत जाऊन काही आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीलंका आणि मद्रास येथे सूर्य चक्क हिरवा-निळा दिसला. मद्रासमध्ये मिची स्मिथ यांनी त्याच्या वर्णपटाची नोंद केली. पुढे हिवाळ्यात युरोपात मावळतीनंतर बराच वेळ आभाळ पेटल्यासारखे लाल राहू लागले. ते छायाचित्रात पकडण्याचे साधन नसल्यामुळे विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार लंडनमध्ये थेम्सच्या काठी उभा राहून रंगीत खडूंनी मिनिटामिनिटाचे बदल टिपत गेला, आणि त्याची अशी पाचशेहून अधिक चित्रे जमली. रॉयल सोसायटीने समिती नेमून लोकांकडून माहिती मागवली. जहाजांचे कप्तान, पाद्री, शिक्षक, वेधशाळांचे कर्मचारी अशा कितीतरी जणांनी आपण काय, कोठे आणि किती वाजता पाहिले ते लिहून पाठवले, आणि त्यांतून जी. जे. सायमन्स यांच्या संपादनाखाली १८८८ मध्ये भला मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या पत्रांत वेळ आणि ठिकाण होते, म्हणूनच धुळीचा प्रवास नकाशावर मांडता आला. नुसत्या सौंदर्याची वर्णने असती तर तो मांडता आला नसता. आजच्या गटांचे खरे पूर्वज ही पत्रे लिहिणारे लोक आहेत, असे मला मनापासून वाटते.

मावळतीच्या तांबड्या रंगाचे मूळ कारण तोवर समजले होते. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले की हवेतील अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पुष्कळ अधिक विखुरतात. सूर्य क्षितिजावर असताना त्याचा किरण डोक्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवेतून येतो. निळा वाटेतच विखुरतो आणि नारिंगी-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. सीमाभागात या नियमाला भूगोलाची जोड मिळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला सह्याद्रीचा पावसाळी कडा आहे, तर पूर्वेला अथणी-रायबागकडे कमी पावसाचे, मोकळ्या क्षितिजाचे पठार. त्यामुळे एकाच जिल्ह्याला जणू दोन आभाळे लाभली आहेत. एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. ते पूर्वेला असतील तर जाणकार मंडळी मावळतीकडे पाठ करून उभी राहतात, कारण सूर्य डोंगराआड गेल्यावरही ढगाचा माथा बराच वेळ गुलाबी राहतो. पावसाने धुतलेल्या हवेत रंग स्वच्छ येतात. हिवाळ्यात ऊसतोडीनंतर पाचट जाळल्याचा धूर आणि धूळ यांतून सूर्य म्लान, कुंकवाच्या टिकलीसारखा मावळतो. समुद्राचे सपाट क्षितिज हवे असेल तर कारवार गाठावे लागते. येथे संधिप्रकाशही थोडाच वेळ टिकतो. सूर्य या अक्षांशावर तीव्र कोनात खाली उतरत असल्याने अवघ्या वीस-बावीस मिनिटांत उजेड ओसरतो, आणि गडावर पोहोचायला उशीर झाला की त्या दिवसाचे आभाळ हुकते.

रोलच्या जमान्यात असे हुकणे महागात पडे. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' ही देशी फिल्म घरोघर पोहोचली. आगफा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. त्यांतली लग्नकार्याला आणि मुलाबाळांना पुरवताना आभाळासाठी एखादे राखणे ही चैन होती. रंगीत रोल आल्यावरही अडचण संपली नाही, कारण छपाईची स्वयंचलित यंत्रे तांबडेपणा हा दोष समजून तो 'दुरुस्त' करत, आणि केशरी मावळती मळकट होऊन हातात पडे. मोबाइलचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवणारी सोय, आजही कित्येकदा हेच करतो. तो 'डेलाइट'वर स्थिर ठेवला तर रंग पुष्कळसे डोळ्यांना दिसले तसे राहतात.

देवाणघेवाणीचे चित्र पालटले ते इंटरनेटमुळे. फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लिकर आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले; सप्टेंबर २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइल डेटा एकाएकी स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावातूनही दिवेलागणीच्या आत छायाचित्र पोहोचवणे शक्य झाले. याच काळात हौशींच्या कामाला मोठी मान्यताही मिळाली. ब्रिटनमधील क्लाउड ॲप्रिसिएशन सोसायटीकडे सभासदांनी खवळलेल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या ढगांची छायाचित्रे पाठवली. ती कोणत्याही प्रकारात बसेनात, म्हणून तिच्या संस्थापकांनी वेगळ्या नावाचा आग्रह धरला. अखेर १८९६ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलासच्या २०१७ च्या आवृत्तीत जागतिक हवामान संघटनेने 'ॲस्पेरिटास' हे नाव समाविष्ट केले. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाच्या समुद्रातील ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर दक्षिण गोलार्धातून जांभळ्या मावळतीची छायाचित्रे महिनोन्‌महिने येत राहिली. १८८३ मध्ये खडूंनी चितारावे लागले होते, ते आता कॅमेऱ्यात आले.

एका बाबतीत मात्र आपण मागे गेलो आहोत. डिजिटल कॅमेरा छायाचित्राच्या फाइलमध्येच दिनांक, वेळ आणि मोबाइल असेल तर ठिकाणही नोंदवतो. व्हॉट्सॲपवरून ते साधे छायाचित्र म्हणून पाठवले की ही माहिती गळून पडते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर टिकते. चार गटांतून फिरून आलेल्या छायाचित्राखाली गाव नसते, तारीख नसते, आणि कालचे आभाळ आजचे म्हणून खपते. बेळगावच्या बाबतीत वेळेला वेगळे महत्त्व आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि बेळगाव सुमारे ७४.५ अंशांवर, त्यामुळे येथील सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटे मागे चालतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जुलैच्या आरंभी सातनंतर. मावळण्याची जागाही जूनमध्ये पश्चिमेपासून सुमारे २४ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढीच दक्षिणेला सरकते. एकाच गच्चीवरून, एकाच कठड्याशी उभे राहून दर पंधरवड्याला घेतलेल्या छायाचित्रांत सूर्य शेजारच्या नारळापासून निघून पलीकडच्या टेकडीपर्यंत जातो आणि परत येतो. त्या छायाचित्रांवरच्या तारखा पुसल्या गेल्या असतील तर ती पुन्हा क्रमाने लावता येत नाहीत.